टेबलापलीकडचा अबोला

माझ्या मुलाला, धनेशला, तोंड आहे. हे आधी सांगून ठेवते, कारण आमच्या घरी येऊन बसलं तर कोणालाही शंका यावी. बाहेर ते तोंड दिवसभर चालू असतं. कोन गावच्या नाक्यावर उभा राहिला की डंपरवाल्याशी बोलतो, पानवाल्याशी बोलतो, ज्याचं नाव माहीत नाही त्याच्याही तब्येतीची चौकशी करतो. रेती-खडी पुरवायचा धंदा आहे, बोलावं लागतं, असं म्हणतो. वाढदिवसाला स्वतःचाच बॅनर लावतो आणि त्यावर हात जोडून असा हसतो, जणू अख्ख्या तालुक्याची लग्नं त्याच्याच दारात लागणार आहेत.

पण घरचा उंबरठा ओलांडला की तेच तोंड बायकोपुरतं बंद. माझ्याशी बोलतो, फोनवर बोलतो, टीव्हीतल्या क्रिकेटवाल्याला शिव्या घालतो. विनिताशी आठ महिने एक शब्द नाही. ती दोन हातांवर उभी असायची आणि हा माझ्याकडं तोंड करून सांगायचा, "आये, हिला सांग, चहा दे." मग मी मान वळवून म्हणायची, चहा दे गं. विनिता चहा द्यायची. कपात साखर कमी असली की पुन्हा तेच, आये, हिला सांग. आठ महिने मी ही हमाली केली. ते मीच लिहून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला माझ्याकडं बोट दाखवायचे कष्ट नकोत.

कारण विचाराल तर लाज वाटेल. त्या वाढदिवसाच्या बॅनरवर त्यानं दहा वर्षांपूर्वीचा फोटो छापला होता. केस दाट, पोट सपाट. केक कापताना विनिता सहज म्हणाली, हे कोण, तुमचा धाकटा भाऊ का? त्याचे चार मित्र हसले. झालं. इतक्याशा गोष्टीवर हा वाघ जो गुहेत गेला तो गेलाच.

माझ्या मालकांनीसुद्धा, भगवान घरतांनी, एकदा माझ्याशी अबोला धरला होता. सव्वा दिवस टिकला. मी करपलेला भात पुढं ठेवला आणि समोर बसून राहिले, मग बोलले. त्या माणसाच्या पोटी हा असा निपजला.

शेजारीपाजारी मात्र त्याचं कौतुक. पीत नाही, मारत नाही, आवाज चढवत नाही. विनिताला सगळ्या म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. मी पण तसंच समजत होते. गप्प बसल्यानं कोणाच्या अंगावर वळ उठतात का? नवऱ्याचा राग आहे, निघेल कधीतरी. तोवर सुनेनं खाली मान घालून काम करावं, त्यात काय मोठंसं.

आता विनिताचं सांगते. मी धवलारीण आहे. बाहेरच्या लोकांना ठाऊक नसेल म्हणून सांगते, आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला तरी धवलारीण लागतेच. ती धवले गाते, गाण्यातूनच देवांना, पितरांना, नदीला, खाडीला नाव घेऊन मांडवात बोलावते. तिच्या तोंडून आमंत्रण गेल्याशिवाय आमच्याकडं लग्न लागलं असं कोणी मानत नाही. यातलं काहीही कागदावर नसतं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईच्या डोक्यात चार तासांची गाणी असतात. माझा आवाज गेला, गुडघे गेले, म्हणून मी विनिताला बारा वर्षं घासून तयार केली. पोर हुशार. एकदा ऐकलं की दगडावर कोरल्यासारखं राहायचं. मी तसं तिला कधी सांगितलं नाही. सुनेला तोंडावर चांगलं म्हणायची आमच्यात पद्धत नाही, आणि पद्धत असती तरी मी म्हटलं नसतं.

तर चिरनेरला काशिरामच्या मुलीचं लग्न होतं. काशिराम माझ्या मालकांचा जुना मित्र, माणसं चिक्कार. विनितानं सुरुवात चांगली केली. मग देवांना बोलवायची वेळ आली. पाच-सहा नावं घेतली आणि थांबली. पुढचं येईना. तोंड उघडं, डोळे समोर कुठंतरी लागलेले. मांडवात इतकी शांतता की आचाऱ्याच्या कढईतलं तेल ऐकू यावं. ज्या देवाचं नाव राहिलं तो रुसतो असं आम्ही मानतो, आणि रुसलेल्या देवाचा दोष नवरीला लागतो. काशिरामची बायको रडायच्या बेतात. शेवटी मी माझ्या फुटक्या आवाजात उरलेली नावं घेतली आणि इभ्रत सांभाळली. परतताना गाडी धनेश चालवत होता आणि मागं बसून मी विनिताला जे बोलले ते इथं लिहीत नाही. आधीही तिचं असं व्हायला लागलं होतं. आमटीत दोनदा मीठ, गॅसवर दूध, देवळात चप्पल विसरून अनवाणी परत.

दुसऱ्या दिवशी जेवताना धनेशनं हुकमाचा पत्ता काढला. विनिता वाढत होती आणि तिच्या हाताखालून तो माझ्याशी बोलत होता. म्हणाला, "आये, हिच्या डोक्यात फरक पडलाय. माहेरी पाठव. उपचार करायचे ते तिकडं करू दे." माहेर उरणला, तिथं म्हातारा बाप एकटा. एकदा डोक्यात फरक म्हणून धाडलेली बाई परत येत नाही, हे मला ठाऊक, त्याला ठाऊक, भाकरी वाढणाऱ्या तिलाही ठाऊक. घर माझ्या नावावर आहे आणि या घरात शेवटचा शब्द माझा चालतो, म्हणून त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, पंधरा दिवस थांब, मग सांगते. विनिताच्या हातातला चमचा हलला नाही. मला वाटलं, हिला काही वाटतच नाही.

याच पंधरा दिवसांत ते थुंकीवाले आमच्याकडं होते.

आमच्या घराखाली मोठा हॉल आहे, हळदीला, बारशाला लोक घेतात. तो एका कॉलेजच्या डॉक्टरनं महिनाभरासाठी मागून घेतला. गुरुदत्त नाव, पुण्याचा, चष्मा, मानेला काही आधार नसल्यासारखी सारखी डुलणारी मान. सोबत हेतल नावाची मदतनीस मुलगी, ती मात्र कामाची. मी विचारलं, कसला आजार तपासता? तर म्हणाला, आजी, आम्हाला आजारी माणसं नकोत, निरोगीच हवीत. निरोगी माणसाच्या मनावर ताण आला की मेंदूतल्या रसायनांचं काय होतं ते बघतो. म्हणजे धडधाकट माणसाला बोलवायचं, त्याला घाबरवायचं, आणि तो घाबरला का ते बघायचं. मिठागरात भर दुपारी डोक्यावर टोपल्या घेऊन माझ्या पायांना चिरा पडल्या, सरकारी मोजणीवाले शेतात खुंट्या ठोकून गेले, तेव्हा माझी थुंकी गोळा करायला कोणी आला नव्हता. आणि आजी म्हणू नकोस, असंही त्याला सांगितलं. मी गावात चंद्राबाय आहे.

हे थुंकीचं काय ते सांगते. तो लाळ म्हणायचा. माणूस आला की आधी अर्धा तास नुसता बसवायचे, मग कापसाची सुरळी चघळायला देऊन नळीत भरायचे. मग खरा तमाशा. जमिनीवर पट्टी चिकटवलेली, तिथं माणसानं उभं राहायचं. समोर टेबल, टेबलामागं दोन परीक्षक. पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं, नोकरी मागायला आल्यासारखं. नंतर हिशेब. एक हजार बावीसातून तेरा वजा करा, आलेल्या आकड्यातून परत तेरा, असं करत जा. चुकलं की पहिल्यापासून. आणि हे सगळं चालू असताना परीक्षकांनी हसायचं नाही, मान हलवायची नाही, हूं की चूं करायचं नाही. झाल्यावर तासभर थोड्या थोड्या वेळानं पुन्हा कापूस.

डॉक्टरची अडचण एवढीच होती की त्याचे परीक्षक हसायचे. कॉलेजातली गोड पोरं, समोरचा अडकला की यांना दया यायची. एकदा मी पाणी का वाहतंय ते बघायला खाली गेले आणि दारात उभी राहून आतल्या माणसाकडं बघितलं. मी काही केलं नाही, नुसतं बघितलं. त्या माणसाचा हिशेब तिथंच थांबला. डॉक्टरची मान डुलायची बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून मी हेतलच्या शेजारी खुर्चीवर.

खरं सांगते, मला ते काम आवडलं. मला कोणी कामाला ठेवलं त्याला तीस वर्षं झाली होती, आणि माझ्या तोंडाची कदर तर पहिल्यांदाच होत होती. डॉक्टरनं मला सगळं समजावलं, कागदावर अक्रोडासारखा मेंदू काढून. भीती वाटली की मेंदूतून सांगावा निघतो, किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या गाठीकडं जातो, तिथून कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सुटतं आणि फिरून परत मेंदूत येतं. थोडं लाळेत उतरतं, ते हे नळीत धरतात. घडीभरासाठी आलं तर चांगलंच, माणूस जागा होतो, पळतो, वाचतो. पण ते चढलेलं असताना पाठ केलेली गोष्ट ऐनवेळी सापडत नाही. आत असते, पण हाताला लागत नाही.

मी म्हटलं, म्हणजे घाबरलं की विसरतं. हे शिकायला तुला किती वर्षं लागली? तो म्हणाला, चौदा. निदान खोटं बोलला नाही.

रोज तीन-चार माणसं यायची. वरच्या आळीतला कल्पेश आला, तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, एका हातानं गॅसची टाकी उचलतो. पट्टीवर उभा राहिला, पहिलं वाक्य बोलला, एक विनोद केला आणि हसून माझ्याकडं बघितलं. मी भिंत. हेतल भिंत. त्याचं हसू तोंडावरच शिळं झालं. हिशेबात नऊशे त्र्याऐंशीपर्यंत आला आणि विचारतो, चंद्राबाय, बरोबर का? मी पापणी हलवली नाही. तो पहिलवान गडी घामानं भिजला. बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत सुटला, यापेक्षा रातपाळी परवडली.

बघून बघून माझ्या लक्षात आलं की माणसं हिशेबानं मोडत नाहीत. माणूस दोन शब्द बोलतो, थांबतो, समोरच्याच्या तोंडाकडं बघतो. तिथं राग असला तरी चालतो, शिवी आली तरी चालते. काहीच नसलं की त्याचे पाय जातात. हे मला खालच्या हॉलमध्ये बसून कळत होतं, आणि दुपारी वर जेवायला गेले की मी पुन्हा मान वळवून सांगत होते, चहा दे गं. इतकी मी शहाणी.

मग एकतीस नंबर आला. नावं आम्हाला सांगत नव्हते, नंबरच. दार उघडलं आणि विनिता आत आली.

नियम असा होता की परीक्षकाचा नातेवाईक आला तर परीक्षकानं उठायचं. पण आमच्या गावात अर्धे घरत. पहिल्याच आठवड्यात नऊ घरत येऊन गेले आणि त्यातला एकही माझ्या घरातला नव्हता, म्हणून पुण्याच्या त्या हुशार माणसानं आडनाव बघणं सोडलं होतं. विनिताला मी टेबलावर असते हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. वर असताना मी खाली काय करते ते तिला सांगत नव्हते. ती का आली ते मला नंतर कळलं. इथं निरोगी माणसंच घेतात, आधी सगळं तपासतात, असं तिनं ऐकलं होतं. तिला कोणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं की तिचं डोकं ठीक आहे.

मी उठायला हवं होतं. उठले नाही. मला बघायचं होतं, ही पुन्हा अडकते का. एवढ्याशा टेबलापुढं अडकली तर धनेश म्हणतो ते खरं, आणि मग मी हो म्हणायला मोकळी.

ती पट्टीवर उभी राहिली. माझ्याकडं बघितलं, हेतलकडं बघितलं, आणि बोलायला लागली. मी विनिता धनेश घरत, बारावी झाले, धवले गाते, मला चार तासांची गाणी पाठ आहेत. आवाज सपाट, हात बाजूला. विनोद नाही, हसणं नाही, आमच्या तोंडाकडं काही मागणं नाही. पाच मिनिटं झाली तशी थांबली. मग हिशेब. एक हजार नऊ, नऊशे शहाण्णव, नऊशे त्र्याऐंशी, नऊशे सत्तर, नऊशे सत्तावन्न. तळाला जाईपर्यंत एकदाही चुकली नाही. कपाळावर घामाचा थेंब नाही. नमस्कार केला आणि गेली.

हेतलनं नियम मोडून माझ्या कानात म्हटलं, काय खंबीर बाई आहे. मला थोडा अभिमान वाटला आणि जास्त राग आला. मला बघूनही हिला काही झालं नाही? ज्या तोंडापुढं कल्पेश गळाला त्या तोंडाची माझ्या सुनेला किंमत नाही?

आठवड्यानं डॉक्टर सगळ्यांना एकेकटं बोलावून त्यांचा कागद समजावत होता. विनिताची पाळी आली तेव्हा मी आत टेबलाशी बसून सुपारी कातरत होते. त्यानं मला बाहेर जायला सांगितलं, हे ज्याचं त्यालाच सांगायचं असतं म्हणाला. विनिता म्हणाली, राहू द्या त्यांना, माझ्या सासूबाई आहेत. डॉक्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. मग एकतीस नंबर बाद करावा लागेल असं तो स्वतःशीच पुटपुटला, आणि मला म्हणाला, तुम्ही सांगायला हवं होतं. मी म्हटलं, तू विचारायला हवं होतंस.

विनितानं विचारलं, बाद करा, पण मला सांगा, माझं डोकं ठीक आहे ना. तो म्हणाला, तुम्ही निरोगी आहात, आठवणीच्या चाचण्या उत्तम, बहुतेकांपेक्षा चांगल्या. मग त्यानं दोन कागद शेजारी ठेवले. एकावर नाव नव्हतं, त्यावर डोंगरासारखी रेघ. इथं टेबलापुढं उभं केलं, इथं चढली, तासाभरात उतरली, असं निरोगी माणसाचं होतं. दुसरा विनिताचा. त्यावरची रेघ खाली आडवी पडलेली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मी म्हटलं, म्हणजे माझी सून घाबरत नाही. तो मान डुलवत म्हणाला, तसं नसतं. एका माणसाच्या एका कागदावरून काही ठरवू नका, अशा रेघेची कारणं अनेक असतात. पण जी माणसं तशाच ताणात रोज, कितीतरी महिने राहतात, त्यांच्यातल्या काहींची रेघ अशी आडवी दिसते. सांगावा इतक्या वेळा येऊन गेलेला असतो की शरीर त्याला उठून दार उघडायचं सोडतं. मग विनिताला हळूच विचारलं, घरी काही त्रास आहे का?

ती खाली बघत होती. मग टेबलाकडं बोट करून म्हणाली, "डॉक्टर, हे तुमचं टेबल तुमी पाच मिनिटं मांडता. आमच्याकडं आठ महिने मांडलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. चिरनेरचा मांडव डोळ्यापुढं आला. विनिताचे डोळे कुठं लागले होते ते तेव्हा मी बघितलं नव्हतं, मला माझ्या इभ्रतीची पडली होती. पण आता सगळं दिसलं. खांबाला टेकून, हाताची घडी घालून, धनेश तिच्या अगदी समोर उभा होता. डोळे उघडे, तोंडावर काही नाही. ती देवांची नावं घेत होती आणि हा तिच्यातून आरपार बघत होता, जणू तिथं बाई नाही, मोकळी जागा आहे. आमच्या टेबलावरचा अबोला नाटकाचा होता, हा खरा; अशा वेळी पाठ केलेलं हाताला लागत नाही, हे चौदा वर्षं शिकलेल्या माणसानं मला चित्र काढून सांगितलं होतं. आणि त्या टेबलाची दुसरी खुर्ची घरात कोण चालवत होतं? मीच. आमच्या घरातली हेतल मी होते.

रडण्यात मला रस नाही. मी डॉक्टरला म्हटलं, तुझं टेबल आज आवरू नकोस. जेवून ये, हेतलला घेऊन जा, तासाभरानं आलात तरी चालेल. तो काही विचारणार होता, मी त्याच्याकडं बघितलं, तो गेला.

विनिताला हेतलच्या खुर्चीवर बसवलं. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, काही करायचं नाही, तुला येतंच. मग धनेशला फोन करून खाली बोलावलं, पंधरा दिवस झाले, तुझ्या बायकोचं काय ते आज ठरवू म्हणाले.

तो आला तो खुशीत. किल्ली बोटावर फिरवत. विनिताला टेबलामागं बघून जरा थबकला, पण लगेच नजर माझ्यावर आणली, सवयच ती. मी त्याला पट्टीवर उभं केलं आणि सांगितलं, हिला माहेरी का पाठवायचं ते पाच मिनिटांत मला पटव. पटलं तर आजच गाडी काढ. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि माझं तोंड मिटलं.

पहिली काही वाक्यं तो नाक्यावर बोलतो तशी बोलला. आये, तुझ्याच इभ्रतीचा प्रश्न आहे, चिरनेरला बघितलंस, लोक हसतात. थांबला, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही. म्हणाला, तसा मी हिला कधी बोट लावलं का? पुन्हा थांबला. आवाज जरा वर गेला. हसून बघितलं, बॅनरवरचं हसू. ते हसू टेबलावर येऊन पडलं आणि कोणी उचललं नाही. मग किल्ली फिरायची थांबली. मग त्यानं खिशातून रुमाल काढला. जे बोलला होता तेच परत बोलला, आणि मधेच सोडून दिलं. म्हणाला, आये, ऐकतेस ना? असं काय बघतेस? काहीतरी बोल की.

मी घड्याळाकडंही बघितलं नाही. फक्त त्याच्याकडं. शेजारी विनिता बसलेली, हात मांडीवर, आणि तिचं तोंड माझ्याहून कोरं. ते तिला शिकवावं लागलं नव्हतं.

त्यानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. कानशिलावरून घाम कॉलरमध्ये उतरला. दाराकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, आणि बघायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा एकदाचं तिच्याकडं बघितलं. कोरड्या तोंडानं म्हणाला, "विनिता, तू तरी सांग हिला."

विनिता काही बोलली नाही. तेव्हा मी घड्याळ उलटं ठेवलं आणि बोलले.

"दोन मिनिटं झाली, धनेश. दोन मिनिटांत तुझा शर्ट पाठीला चिकटला आन आठ महिन्यांनी बायकोचं नाव तोंडात आलं. हिनं हे रोज सोसलंय, वर तुला गरम भाकऱ्या वाढल्यात. डोक्यात फरक हाय तो हिच्या नाय. ही कुठं जाणार नाय. पुढचं जे लग्न येईल ते हीच लावंल, आन त्या मांडवात तू पाय ठेवायचा नाय. तुझे निरोप मी वाहिले ती माझी चूक, ती आज संपली. घरात काय पायजे असंल तर हिला नावानं हाक मारायची आन तोंडानं मागायचं. द्यायचं का नाय, उत्तर करायचं का नाय, ते हिच्या मर्जीवर. हिनं अबोला धरला तर माझ्याकडं रडत यायचं नाय. तू रागीट नायस, मानी तर मुळीच नायस. तू भेकड हायस. बायकोनं चेष्टा केली ती तुला सोसली नाय, आन तिला तोंडावर दोन शब्द सुनवायची तुझी छाती नाय, म्हणून गप बसून मोठा झालास. जा आता, बॅनरवर जाऊन हस."